आक्काचे दात आणि चांदीचं औषध

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. उन्हाळ्यात ती माझ्याकडं बेळगावजवळ वडगावला आली की पहिल्याच दिवशी पिण्याच्या पाण्याचा तांब्या उचलून अंगणात उन्हात ठेवायची. वैशाखात, बरं का. घरातली माणसं माठाकडं धावायची आणि ही बया पाणी ऊन व्हायची वाट बघत उंबऱ्यावर बसायची. मला ते बघून राग यायचा. का यायचा ते तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. कुणी दुखणं सोसत असलं की मला आधी त्या माणसाचाच राग येतो. स्वभावच तसा, त्याला मी तरी काय करू.

आक्काच्या दातांना गार सोसत नसे. पाणी सोडाच, पहाटेचा वारा तोंडात शिरला तरी गाल धरून खाली बसायची. ताक नाही, चिंच नाही, ऊस नाही. भाकरी ऊन दुधात कुस्करून, न चावता गिळायची. दोन वर्षांत ती अशी वाळली की तिच्या चोळ्या मी दोनदा आत घेऊन शिवल्या. तिचं सासर निपाणीच्या बाजूला, तंबाखूच्या शेतीतलं. तिथं घरोघरी बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायच्या आणि त्या मिश्रीनं दात घासायच्या. आक्का दिवसातून चार वेळा घासायची. तेवढ्यानं घटकाभर ठणका कमी होतो म्हणायची. तुरटीच्या गुळण्या झाल्या, सैंधव झालं, लवंग झाली. कुणीतरी सांगितलं म्हणून दातांच्या मुळाशी चुना भरला, तर हिरडी भाजून निघाली. निपाणीच्या एका वैद्यानं कसलं तरी पांढरं भस्म दिलं, ते लावलं की दोन दिवस बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या उन्हात.

आता माझ्या दातांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. माझे दात काळे होते. किडून नव्हे, हौसेनं. हिराकस, हिरडा आणि मायफळ कुटून दातवण करायचं आणि ते दातांवर चढवायचं. चांगलं चढलं की दात पिकल्या करवंदासारखे दिसतात. लग्न झालेल्या बाईनं कुंकू लावावं तसं दातवण लावावं, ही आमच्या आईच्या वेळची रीत. शहरातल्या शिकलेल्या बायकांनी ती सोडायला सुरुवात केली होती. आमच्या गोतात मात्र पांढऱ्या दातांची सवाष्ण दिसली की म्हाताऱ्या तिला बाजूला घेऊन विचारायच्या, घरात सगळं ठीक आहे ना म्हणून.

आक्काचे दात माझ्यापेक्षा सुंदर काळे होते. पोर वर्षाची असताना तिचा नवरा तापानं गेला. बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं. दातवण काही पुसलं जात नाही. पुन्हा लावलं नाही की ते आपलं आपण उतरतं, त्याला महिने लागतात. तिच्या सासूला तेवढा धीर नव्हता. विटकरीचा भुगा करून आठ दिवस आक्काचे दात घासून घेतले. हिरड्यांतून रक्त यायचं. मी तेव्हा तिथंच होते, गुळणीला पाणी मीच देत होते. एरवी कशावरूनही भांडणारी मी, त्या आठ दिवसांत एक शब्द बोलले नाही. असंच करायचं असतं असं मला वाटलं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची दोनतीन वर्षं असतील. बेळगावच्या कँपात दातांचा एक डॉक्टर आलाय असं आमच्या हातमागावर सूत घेऊन येणाऱ्या माणसाकडून कळलं. गोव्याकडचा होता, लोंढ्यावरून गाडी बदलून महिन्यातून आठ दिवस यायचा. मी आक्काला म्हटलं, चल. ती हसण्यावारी न्यायला लागली. "दाताला कशाला गं डॉक्टर? दात काय बाळंत व्हायचाय व्हय?" मी तिचं ऐकलं नाही. आमच्या घरात माझं कुणी ऐकत नाही अशी माझी तक्रार असायची, पण खरं तर सगळे माझंच ऐकायचे.

डॉक्टराची बोटं टोकाशी काळी होती. मी विणकराच्या घरातली, सूत रंगवणाऱ्यांची बोटं अशीच असतात. म्हणून मला तो माणूस लगेच आपला वाटला. त्यानं आक्काला उंच खुर्चीत बसवलं, आरसा तोंडात घालून बघितलं आणि अर्ध्या कोकणी, अर्ध्या मराठीत मला समजावलं. दाताचं वरचं कवच झिजून गेलंय. आतल्या थराला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात, नव्या माठाला असतात तशी. त्यातून गारवा थेट आतल्या शिरेपर्यंत जातो. ती भोकं बुजवली की दुखणं थांबेल. मग त्यानं विचारलं की ह्या दातांवर कधी काही खरखरीत घासलं होतं का. आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मिश्री.

त्याच्याकडं दोन औषधं होती. एक जस्ताची पांढरी भुकटी, लवंगेच्या तेलात कालवून लावायची. दिसायला चांगली, पण अशा झिजलेल्या जागी महिनाभर टिकली तर टिकली. दुसरं चांदीपासून केलेलं पाणी. ते दातात मुरतं, वर लवंगेचं तेल लावलं की चांदी आतल्या आत घट्ट बसते आणि भोकं कायमची बुजतात. फक्त दात काळा पडतो आणि काळाच राहतो. म्हणून पुढच्या दातांना तो ते सहसा लावत नसे. एवढं सांगून तो माझ्या तोंडाकडं बघत थांबला.

"तुमच्यात बायकांना काळे दात चालतात ना?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "चालतात काय, शोभतात."

हे मी बोलले. माझ्याच तोंडानं, ठणठणीत आवाजात बोलले. आक्काच्या तोंडात कापूस कोंबलेला होता. तिनं माझं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं. मी म्हटलं, घाबरू नको, मी हाय. डॉक्टरानं बाटली उघडली.

त्या दाबण्याचा अर्थ मी किती वर्षं लावत बसले आहे. ती मला थांबवत होती? की नुसती भ्यायली होती? की लाव म्हणत होती? आणि मी? माझी बहीण विधवा आहे हे मी त्या क्षणी विसरले कशी? रोज मी तिचं उघडं कपाळ बघत होते. माझ्या डोळ्यांना काळे दात इतके सवयीचे होते की त्यात काही बिघडेल हे डोक्यातच आलं नाही, असं मी स्वतःला सांगते. पण कधी कधी वाटतं, विसरले नव्हते. तिचे ते जुने दात मला परत बघायचे होते. ह्यातलं खरं कुठलं ते मला खरंच माहीत नाही.

घरी आल्यावर मी माठातलं पाणी काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं घोट घेतला, डोळे मिटले, गालाशी हात नेऊन थांबली. ठणक येण्याची वाट बघत होती. आली नाही. दुसरा घोट घेतला. मग भराभरा सगळा तांब्या रिकामा केला, हनुवटीवरून पाणी गळलं, पदर भिजला, आणि आक्का खळखळून हसली. पुढचे सहा दात, वरचे आणि खालचे, काळेभोर. विधवेच्या तोंडात सवाष्णीचे दात. हे त्या वेळी माझ्या ध्यानात आलं, आधी नाही.

मी तिला सांगितलं. नजर चोरून, अडखळत सांगितलं. ती उठली आणि मागाजवळ भिंतीला टांगलेल्या माझ्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती आरशात बघत नसे. पंधरा वर्षं झाली होती. बराच वेळ उभी होती.

"मी अशी दिसत हुतो व्हय गं?" ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती मात्र रडली नाही. हरभऱ्याचे फुटाणे आहेत का म्हणून विचारलं आणि मूठभर फुटाणे कडाकडा चावून खाल्ले. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

गावी गेल्यावर ती तोंडावर पदर धरून बोलू लागली. घरात कितीसं लपणार? सासूनं आठवडाभरात बघितलं. म्हातारी आता जवळजवळ आंधळी झाली होती, पण नेमकं एवढं तिला दिसलं. आक्काचा थोरला दीर घरचा कारभारी. त्यानं मला निरोप धाडून बोलावून घेतलं. मी सर्व्हिस मोटारीनं गेले आणि गेल्या गेल्या आवाज चढवला. औषध आहे, चांदीचं आहे, डॉक्टरनं लावलंय, तुमच्या घरची मिश्री घासून घासून दात गेले तेव्हा कुठं होता तुम्ही? तो माणूस वाईट नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं की औषध आहे हे खरं, पण नेमकं सवाष्णीच्या दातवणासारखंच दिसणारं औषध कसं काय मिळालं? मी आणखी ओरडले.

तरी सातआठ महिने बरे गेले. आक्काच्या अंगावर मांस आलं. गावातल्या बायका पाणवठ्यावर कुजबुजल्या, मग त्यांनाही कंटाळा आला. आत घेतलेल्या चोळ्या मी पुन्हा उसवून मोठ्या केल्या. मिश्री तिनं सोडली नव्हती, पण चार वेळची दोन वेळा झाली होती. मला वाटलं, झालं, निभावलं.

मग भाचीचं लग्न निघालं. आक्काची ती एकुलती एक पोर, सोळा वर्षांची. स्थळ कडोलीचं. घरचं चांगलं, मुलगा शाळामास्तर. बिनबापाच्या पोरीला असं स्थळ चालून येणं म्हणजे आम्हा सगळ्यांना स्वप्नच वाटत होतं. मुलाची आई स्वतः बघायला आली. मी होतेच. आक्का स्वयंपाकघराच्या दाराआड, रीतीप्रमाणे मागं. बाईंनी पोरीला विचारलं, भाकरी येते का. आमची पोर सरळ. म्हणाली, "येती, पर मऊच येती. आईला कडक चालत न्हवती. आता चालती तर मला करायला येत न्हाय." सगळे हसले. दाराआड आक्काही हसली, पदर निसटला, आणि मुलाच्या आईची मान तिकडं वळली.

चार दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलगी पसंत आहे. फक्त लग्नाच्या आधी मुलीच्या आईनं दात साफ करून घ्यावेत.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डॉक्टराकडं जाऊन चिठ्ठी लिहून घेतली. इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी. बैलगाडीनं कडोलीला गेले. वाटेत काय काय बोलायचं ते मनात रचत होते आणि एकेक वाक्य आधीच्यापेक्षा तिखट होत होतं. त्या बाईंनी मला बसायला दिलं, गूळपाणी दिलं, चिठ्ठी मुलाकडून वाचून घेतली. मुलानं वाचून सांगितलं की खरं आहे, औषधच आहे. बाईंनी चिठ्ठीची नीट घडी घातली.

"बाई, मला पटलं," त्या म्हणाल्या. "पर लग्नात चारशे माणूस येणार. चारशे जणांस्नी मी ही चिठ्ठी दावत फिरू व्हय? उद्या तुमची पोर आमच्या घरात नांदणार. तिच्या आईवरनं तिला कोण बोललं, तर मी किती जणांची तोंडं धरू?"

त्या बाईंचेही दात काळे होते, माझ्यासारखेच. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो. मला भांडायचं होतं हो, पण कुणाशी भांडायचं ते कळेना. त्यांच्या जागी मी असते तर हेच बोलले असते. परतीच्या वाटेवर मला रागही आला नाही, आणि राग आला नाही की मला काहीच सुचत नाही.

आक्काला मी म्हटलं, करू नको. दुसरं स्थळ बघू. आणि नाहीतरी लग्नात तुला मांडवात कोण उभं करणार आहे? तू मागच्या खोलीतच बसणार ना?

ती म्हणाली, "मागं बसलेलीचंच तोंड लोकं वाकून बघत्यात."

पुढं तिनं माझं काही ऐकूनच घेतलं नाही. डॉक्टर कधी येणार आहे तेवढं विचारलं. मी बारा वेळा म्हटलं, दुखणं परत येईल. ती म्हणाली की पोरगीला ते घर आवडलंय, तिनं स्वतः येऊन सांगितलंय, लाजत लाजत. मी तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. तोही मीच मोडला.

डॉक्टर आमचं ऐकून चक्रावून गेला. चांगलं बसलेलं औषध खरवडून काढायचं? त्यानं सांगितलं की पायानं चालवायच्या चाकानं वरचा थर घासावा लागेल, म्हणजे उरलासुरला दातही झिजणार. आधी होतं त्यापेक्षा जास्त दुखेल. वर जस्ताची पांढरी भुकटी बसवून देईन, लग्नापर्यंत टिकली तर टिकेल, पुढचं मी सांगू शकत नाही. मग त्यानं माझ्या दातांकडं बोट केलं.

"ह्यांचे काळे चालतात आणि त्यांचे चालत नाहीत? का?"

टोमणा म्हणून नव्हे, खरंच जाणून घ्यायला विचारत होता. मी तोंड उघडलं. ती विधवा आहे, मी सवाष्ण आहे, एवढंच सांगायचं होतं. रोज उठून जगत होतो तेच. पण त्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत, त्या माणसासमोर ते सांगायला गेले तर मलाच ते नवीन वाटायला लागलं, कुणी पहिल्यांदा ऐकावं तसं. मी तोंड मिटलं. मला माझ्याच दातांची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा.

आक्का आपली आपण खुर्चीत चढून बसली. डॉक्टर चाक जवळ ओढत होता. तिनं हातानं त्याला थांबवलं आणि मला म्हणाली, "आदी मला एक तांब्या गार पाणी आण."

बाहेर ओसरीवर माठ होता. मी पाणी आणलं. तांब्याला बाहेरून ओल सुटली होती इतकं ते गार होतं. आक्कानं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला लागली. भराभरा नाही. एक घोट घ्यायची, तोंडात धरायची, गालातून इकडून तिकडं फिरवायची, मग गिळायची. डॉक्टर उभा होता. मी उभी होते. कुणी घाई केली नाही. तळाशी राहिलेला घोटही तिनं मान मागं टाकून घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला, मग गिळला आणि रिकामा तांब्या माझ्याकडं दिला.

"काडा आता," ती डॉक्टराला म्हणाली आणि तोंड उघडलं.

चाक फिरायला लागलं. मी माझं मनगट तिच्या हाताजवळ नेलं. तिनं ते धरलं नाही.